मी एकदाच येतो

माझगावच्या उतारावर, गोदीच्या भिंतीला पाठ लावून
आमच्या मंदिराचा मागचा हॉल.
बुधवारी सातला शांतवन भांबळ सर
आधी पंखा बंद करायचे.
म्हणायचे, त्याचा स्वतःचा एक सूर आहे
आणि तो कुणाचं ऐकत नाही.

मग आम्ही बाकं ओढायचो. चार बाजूंना चार,
तोंडं आत.
"ऐकणाऱ्यांनी कुठे बसायचं?" पाळकसाहेबांनी एकदा विचारलं.
"ऐकायला कुणी नसतं साहेब. सगळे गातात."
पेटी नाही, तबला नाही.
सर घशातून एक स्वर काढायचे, चहा चाखून बघावा तसा,
मान हलवून जरा खाली घ्यायचे
आणि चारही बाकांना वाटायचे.

नोकरी छापखान्यात, कंपोझिटरची.
चाळीस वर्षं उलटी अक्षरं सुलटी वाचली.
मंदिराच्या कपाटात त्यांना वाळवीने अर्धं ठेवलेलं
कुणा मिशनरी बाईंचं पुस्तक मिळालं.
त्यात स्वरांना निरनिराळी डोकी:
त्रिकोण, गोल, चौकोन,
आणि एक तिरका, शंकरपाळ्यासारखा.
शिकवायला कुणीच नव्हतं.
दोन वर्षं ते पुस्तकाशी एकटे भांडले.
मग जेवणाच्या सुट्टीत शिशाचे तुकडे कानशीने घासून
चार आकार घडवले,
मालकाला न विचारता आमची पुस्तकं छापली.
मालकाला कळलं. त्याने पगारातून कागदाचे पैसे कापले,
शाईचे सोडले.

फा सो ला, फा सो ला, मी.
चारच नावं, सात पायऱ्यांना पुरवून वापरायची,
पाहुणे आले की आमच्या घरी चादरी पुरवतात तशी.
"बघा, फा दोनदा. सो दोनदा. ला दोनदा.
मी एकदाच येतो.
आला की त्याला वरच्या घरात जायची घाई.
मी वर रेंगाळू नका."
हिरामण पडघलमल, दिवसभर क्रेन चालवून आलेला, मोठ्याने हसला.
मी अकरा वर्षांची. मला विनोद कळला नाही,
समासात लिहून ठेवला.

माझा आवाज जाड. शाळेत बाईंनी सांगितलेलं,
तू नुसते ओठ हलव.
सरांनी मला पुरुषांच्या बाकावर बसवलं.
"इथे जमीन कमी पडतेय," एवढंच बोलले.
पुढे एका बुधवारी हात धरून मधोमध उभं केलं,
जिथे चारही बाजू एकदम पोचतात.
माझ्या हातातलं पान थरथरत होतं.
पंखा बंद होता.

फी विचारली तर म्हणायचे, बाकं जागेवर लावून जा.
रविवारी दुपारी पिशवी घेऊन चेंबूर, कधी उल्हासनगर,
कुठे सहा माणसं, कुठे दोन आणि एक कुत्रं.
घरी मात्र कधी गायले नाहीत.
सुलभाकाकू सांगतात, भांडी घासताना मी म्हटलं गा,
तर म्हणाले, एकट्याने कसं गाणार?

पुढे कीबोर्ड आला. पडद्यावर शब्द आले.
बाकं विकली, प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.
आम्हाला वाटलं सर चिडतील.
त्यांनी एक उचलून बघितली.
"ओढायला हलक्या आहेत."
तोपर्यंत ओढायला आम्ही पाचजणच उरलो होतो.

शिवडीच्या दफनभूमीत अकरा जण जमलो.
कुणी सांगितलं नाही, तरी खड्ड्याच्या चारही बाजूंना
आपापल्या जागी उभे राहिलो,
हिरामणची जागा रिकामी सोडून.
मधोमध ते.
स्वर द्यायला कुणीच नव्हतं, म्हणून मीच दिला,
जरा खाली.

आधी आकार, शब्द नंतर, हा नियम.
फा सो ला गेले, परत फा सो ला गेले,
आणि मी आला तेव्हा,
सर, माफ करा,
आम्ही सगळेच त्यावर थोडे टेकलो.

पाळकसाहेब पानात बोट घालून
शब्दांची वाट बघत होते.